बहिणीला एक, भावाला तीन

मेतवल्लीच्या पोटात किडन्या तीन आणि त्याच्या थोरल्या बहिणीच्या, इन्शिराहच्या पोटात एक. इजिप्तमधल्या दमियात गावच्या त्या गल्लीतल्या पोरासोरांनाही हा हिशेब पाठ होता, कारण इन्शिराहचं तोंड म्हणून कधी मिटायचं नाही. जिलबीसारखी मुशब्बक तळताना कढईवर पिठाची धार गोल गोल फिरवत ती नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायची, "वारशात भावाला दोन वाटे, बहिणीला एक. कबूल! पण आमच्या मेतवल्लीचा घास मोठा. त्याने तीन हाणले!"

आणि ते खोटंही नव्हतं. बऱ्याच वर्षांमागे त्याच्या स्वतःच्या दोन्हींनी मान टाकली, तेव्हा बहिणीने आपली एक काढून दिली. डॉक्टर लोक जुन्या काढायच्या भानगडीत पडत नाहीत, नवी आणून खाली ओटीपोटात बसवतात. म्हणून तीन. त्यातली राबणारी एकच, ती बहिणीची. "तुझ्या कारखान्यासारखंच झालं," ती म्हणायची. "माणसं तीन ठेवलीत, काम करतो एक."

मेतवल्ली आपला हसायचा. खुर्च्यांवर वेलबुट्टी कोरणारा कारागीर तो. लाकडात गुलाब फुलवेल, पण तोंडातून शब्द फुटायची मारामार. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्याने एकदाच "ताई, तुझे उपकार..." अशी सुरुवात केली होती. शेजारच्या खाटेवरून, टाके ओले असताना, ती खेकसली, "आभार मानलेस तर परत घेईन!" तेव्हापासून तो शब्द त्याच्या घशात अडकला तो अडकलाच.

वस्तू दिली तरी इन्शिराहचा जीव मात्र त्या किडनीतच गुंतलेला. डॉक्टरांनी मेतवल्लीला रमजानचे उपास मना केले होते. हा चारचौघांत लाजून गुपचूप उपास धरणार, हे ती ओळखून. भर दुपारी पाण्याची बाटली घेऊन कारखान्याच्या दारात उभी राही. "पी. माझ्यासमोर पी. माझी वस्तू तहानलेली ठेवायची नाही, सांगून ठेवते!" कारागीर तोंड फिरवून हसत, आणि हा मान खाली घालून घटाघटा पिई.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या कुशीत दुखायला लागलं. आधी तिने गरम विटेने शेकून पाहिलं, मग जिऱ्याचा काढा घेतला, मग जावयाला शिव्या घातल्या. कशानेच थांबेना, तेव्हा मेतवल्ली आणि त्याची बायको तहानी तिला ओढूनच इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर मेर्वत म्हणजे चणीने लहान, चष्मा जाड आणि बोलणं त्याहून जाड. त्यांनी सोनोग्राफी केली आणि पडद्याकडे बराच वेळ पाहत बसल्या.

"किडनीवर एक डाग दिसतोय," त्या म्हणाल्या. "साधी पाण्याची गाठ असेल तर तिला हातही लावायचा नाही. दुसरं काही असेल तर आत्ताच कळलेलं बरं. शिरेतून रंगाचं औषध सोडून स्कॅन केल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"रंग?" इन्शिराह ताडकन उठून बसली. "अहो बाई, मला एकच आहे! ती रंगवून काय शोकेसमध्ये मांडायचीय?"

"हाज्जा," थोरल्या बाईला मानाने म्हणतात तसं डॉक्टर म्हणाल्या, "किती आहेत ते मी बघत नाही. जी आहे ती कशी चालते ते बघते. तुमच्या रक्ततपासणीतला किडनीचा आकडा झकास आहे. खंगलेल्या दोन असण्यापेक्षा धट्टीकट्टी एक कधीही बरी. अशा किडनीला या औषधाची भीती फार थोडी. फक्त पाणी पीत राहा, म्हणजे..."

पण इन्शिराहचं लक्ष कुठलं! ती शेजारच्या बाईला वारशाचे वाटे समजावून सांगत होती.

मेतवल्लीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. डाग. एकाच किडनीवर डाग. घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच भुंगा: आज तिच्याकडे दुसरी असती तर काय बिघडत होतं? आणि दुसरी कुठे आहे? ही इथे, माझ्या पोटात, आरामात. कारखान्यात त्याने बारीक छिन्नीच्या जागी रुंद छिन्नी उचलली आणि सोफ्याच्या पाठीवरच्या मोराची मान उडवली.

गल्लीला बातमी लागायला वेळ लागत नाही. समोरच्या उम्म फरहात चटकन येऊन बसल्या. "माझ्या दिराला तोच रंग दिला होता. झोपला तो उठलाच नाही," त्यांनी सांगितलं आणि वर पावशेर मुशब्बक फुकट खाल्ली. तहानीने मागाहून चौकशी केली तर कळलं, त्या दिराच्या दोन्ही किडन्या आधीच कामातून गेलेल्या, साखर कपाळाला टेकलेली, आणि माणूस गेला तो हृदयाने, तेही रंगानंतर कैक महिन्यांनी. पण खरी गोष्ट चप्पल शोधेपर्यंत खोटी गल्लीला तीन फेऱ्या मारून येते. इन्शिराहने पाय रोवले. "नाही म्हणजे नाही! वर गेल्यावर अल्लाने विचारलं, दोन दिल्या होत्या त्यांचं काय केलंस, तर दाखवायला एक तरी नको?"

दोन दिवस सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेवटी मेतवल्ली दुकानात आला. अंगभर भुसा, पापण्यांवरसुद्धा.

"ताई, मग माझ्यातली परत घे."

"वापरलेली वस्तू आम्ही परत घेत नाही," ती झाऱ्या हलवत म्हणाली. गिऱ्हाइकं हसली.

तो हसला नाही. "तुला काही झालं तर मी ही पोटात घेऊन कुठे जाऊ?" तो म्हणाला. एवढंच. पण मेतवल्लीच्या मानाने ते भाषणच होतं. इन्शिराहच्या हातातला झारा तसाच राहिला आणि कढईतली मुशब्बक काळी पडली.

"बरं, बरं, जाते," ती म्हणाली. "तो चेहरा आवर आधी. धंद्याची वेळ आहे."

इस्पितळातून फोन आला, दुपारचं स्कॅन, उपाशीपोटी या. झालं, वेळ ठरली.

आता मेतवल्लीची गंमत ऐका. बहिणीसाठी आपण काहीतरी करावं असं त्याला फार वाटत होतं, आणि करण्यासारखं तर काही नव्हतं. पैसे ती घेत नसे. आभार ती घेत नसे. किडनी परत देण्याचं तर बोलूनच झालं होतं. मग त्याने नवस बोलला. स्कॅनच्या दिवशी आपण रोजा धरायचा, अगदी पाण्याचा थेंबही न घेता, आणि तेवढ्या पुण्याईवर ताईची एकुलती एक सांभाळून घे म्हणायचं. डॉक्टरांनी मना केलंय? एक दिवसाने काय होतंय! भूक तरी आपली स्वतःची आहे, ती कुणाकडून उसनी आणलेली नाही.

कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्या दिवशी सकाळी तहानीने चहा दिला तो त्याने भुशाच्या ढिगात ओतला. थोड्या वेळाने दुसरा दिला, तोही ओतला. तहानी कमरेवर हात ठेवून ढिगाकडे पाहत राहिली. "भुशाला चहा कधीपासून लागायला लागला?" तिने विचारलं. तो मोराची नवी मान बसवण्यात गर्क असल्यासारखं करत राहिला.

जुलैचं ऊन होतं. इन्शिराह सकाळभर कढईपाशी उभी, कारण लग्नाची मोठी ऑर्डर होती आणि "किडनीला बरं नाही म्हणून नवरीने तोंड गोड करायचं नाही का?" इस्पितळात पोचेस्तोवर तिघांच्या अंगाच्या घामाने धारा लागल्या. परिचारिकेने इन्शिराहचं रक्त घेतलं आणि आकडा येईपर्यंत बसायला सांगितलं.

बाकावर दोघं भावंडं चिडीचूप. मेतवल्ली गप्प हे नवं नव्हतं, पण इन्शिराह गप्प म्हणजे आक्रीतच. भ्यालीय बिचारी, मेतवल्लीला वाटलं. घसा वाळवंट झाला होता तरी तो मनातल्या मनात दुआ पुटपुटत राहिला.

तहानीने पिशवीतून थंडगार बाटली काढली. "वन्सं, घोटभर घ्या."

"नको गं, आत्ताच घेतलं." इन्शिराहची जीभ टाळ्याला चिकटत होती.

"मग तुम्ही घ्या."

"मला... दात दुखतोय," मेतवल्ली म्हणाला.

"कुठला?"

"सगळेच."

तहानीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाटली स्वतःच रिकामी केली.

तेवढ्यात डॉक्टर मेर्वत कागद हातात धरून आल्या. कपाळाला आठी. "हाज्जा, आकडा वर गेलाय. मागच्या वेळी इतका छान होता, आणि आज हे काय?"

मेतवल्ली उभाच राहिला. "पण रंग तर अजून दिलाच नाही!"

"तेच तर म्हणते मी. रंग न देताच हे झालं." डॉक्टर बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हाज्जा, जीभ दाखवा. ही काय जीभ आहे? खारवलेल्या चामड्यासारखी झालीय. सकाळपासून पाणी किती प्यालात?"

इन्शिराहने पदर सारखा करावा तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला. छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "रोजा आहे माझा."

"काय?"

"अहो, तुमच्याच माणसांनी सांगितलं ना उपाशी या म्हणून? म्हटलं, उपाशी राहायचंच आहे तर फुकट का राहायचं? नवसाचा रोजा म्हणून धरला, म्हणजे पुण्य तरी पदरात पडेल. एका उपाशीपणात दोन कामं."

"मी पाणी प्या म्हटलं नव्हतं का?"

"म्हटलं असाल. पण तेव्हा माझा रोजा कुठे ठरला होता?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "बाई, तुम्ही रंगाला भीत होतात. अहो, तुमच्या किडनीला आज घाबरवलंय ते तुमच्या तहानेने! कढईपाशी उभं राहायचं, घाम गाळायचा, थेंबभर पाणी नाही, आणि वर त्यात औषध सोडा म्हणायचं. उपाशी म्हणजे काही तास खाऊ नका, एवढंच. पाणी बंद करा असं कोण म्हणालं?" बोलता बोलता त्यांची नजर मेतवल्लीवर गेली आणि तिथेच थांबली. "आणि तुमचे ओठ का असे फुटलेत?"

मेतवल्लीने ओठ आत ओढून घेतले.

"मेतवल्ल्या!" इन्शिराह हळूच म्हणाली. तिच्या त्या आवाजाला तो लहानपणापासून भ्यायचा. "माझ्याकडे बघ. रोजा धरलायस?"

त्याने मान हलवली. बाजूने तहानीने ठासून भर घातली, "दोन चहा भुशाने प्याले, वन्सं!"

"माझ्या वस्तूला उपाशी ठेवलंस? या उन्हात? डॉक्टरांनी मना केलेलं असताना?" इन्शिराह बाकावरून उठली आणि हातातल्या पिशवीने त्याच्या खांद्यावर एक लगावली. "इतकी वर्षं मी बाटल्या घेऊन तुझ्यामागे धावतेय ती याचसाठी? कुणासाठी धरलास रे रोजा, मूर्खा?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आणि तू कुणासाठी?"

इन्शिराहने पिशवी खाली ठेवली. "घाबरले होते मी," ती म्हणाली. "म्हटलं, ही पण गेली तर कोण बघेल तुझ्याकडे? तू पाणी प्यालास की नाही ते कोण विचारेल?"

"कमाल आहे!" डॉक्टर मेर्वत म्हणाल्या. "एका बाईच्या दोन किडन्या, दोन वेगवेगळ्या पोटांत, आणि एकाच दिवशी दोन्ही वाळत घातल्यात! सांडगे घालायचे होते का त्यांचे?"

आधी तहानीला हसू फुटलं. मग परिचारिकेला. मग इन्शिराहला असं आलं की ती कूस धरून खाली बसली आणि "दुखतंय गं, दुखतंय" म्हणत हसत राहिली. मेतवल्लीला मात्र हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

डॉक्टरांनी त्याचंही रक्त घ्यायला लावलं. त्याचा आकडासुद्धा थोडा सरकला होता. "वेळेत सापडलात," त्या म्हणाल्या. "आज स्कॅन नाही. घरी जा, प्या, खा, परवा या. आणि त्या कढईला सुट्टी."

"पण नवस मोडला की हो," इन्शिराह म्हणाली. "त्याचं प्रायश्चित्त?"

"त्याचं मौलवीसाहेबांना विचारा. माझं प्रायश्चित्त हे," म्हणून डॉक्टरांनी दोघांच्या हातात भरलेले पेले दिले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू आधी, नाही तू आधी, असं डोळ्यांनीच झालं. शेवटी इन्शिराहने बिस्मिल्ला म्हटलं आणि दोघं एकदमच प्याले. पाणी नळाचं, कोमट, वर औषधांचा वास. मेतवल्लीला वाटलं, असं गोड पाणी आपण जन्मात प्यालो नाही. त्याने दुसरा पेला मागितला आणि इन्शिराहने तिसरा.

परवाच्या दिवशी दोन्ही आकडे मुकाट्याने जागेवर आले होते. इन्शिराहला आत नेताना डॉक्टरांनी समजावलं, औषध सोडल्यावर अंगातून ऊब धावेल, घाबरायचं नाही. तरी आतून तिची आरोळी बाहेर बाकापर्यंत आली, "अगं बाई, मी ओली केली गादी!"

"नाही केलीत, हाज्जा. तसं वाटतं फक्त. हलू नका."

"वाटतं कसलं, शपथेवर सांगते..."

"हाज्जा, श्वास धरा!"

श्वास धरण्यासाठी तोंड मिटावं लागतं, म्हणून तेवढी शांतता झाली. बाहेर मेतवल्लीनेही श्वास धरला होता. तहानीने पाठीत गुद्दा घातला तेव्हा सोडला.

कितीतरी वेळाने डॉक्टर मेर्वत बाहेर आल्या. या वेळी कपाळाला आठी नव्हती. "पाण्याची गाठ आहे. साधी. या वयात बऱ्याच जणांना असते, कुणाला काही करत नाही. आणि कुशीतलं दुखणं स्नायूंचं आहे, एका कुशीवर भार देऊन कढईपाशी उभं राहण्याचं." मग त्या मेतवल्लीकडे वळल्या. "आणखी एक सांगू? तुमच्या बहिणीची ती किडनी नेहमीपेक्षा मोठी झालीय. एकटीवर सगळं पडलं की ती वाढते, आणि जोडीदारणीचंही काम उचलते."

"बघ," इन्शिराह चपला शोधत म्हणाली, "घरात मी, पोटात ती. आमच्याकडे बायकांची हीच रीत."

नवस मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणजे दहा गरिबांना जेवण. दोघांनी मोडला म्हणून वीस. इन्शिराहने वीस ऐकले आणि पन्नास धरले, कारण बोलावलेल्यांत कोण गरीब आणि कोण नुसता भुकेला हे विचारत बसणं तिला बरं दिसेना. कारखान्यातल्या फळ्या आडव्या टाकून गल्लीभर पाट मांडले. कांद्याचं सारण भरलेली बदकं चुलीवरून उतरली, वास पार नदीपर्यंत गेला. पांढऱ्या चीजच्या थाळ्या, लोणची, आणि शेवटी पाकात निथळणारी मुशब्बक. उम्म फरहात सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या आणि "मी म्हटलंच होतं, रंगाने काही होत नाही" असं शेजारणीला सांगू लागल्या.

स्कॅननंतर पुन्हा एकदा दोघांचंही रक्त तपासायचं ठरलं होतं. त्याचा कागद घेऊन डॉक्टर मेर्वत स्वतःच जेवायला आल्या. बदकाचा वास येताच त्यांनी पाटावर बसायच्या आधी कागद काढला. "आधी निकाल, मग कांदा. हाज्जा, रंग येऊन गेला, तुमच्या किडनीला कळलंसुद्धा नाही. आकडा जसाच्या तसा. आणि तुमच्या भावाकडची, तीही ठणठणीत."

गल्लीत बायकांनी जिभा हलवून आनंदाची हुलहुली घातली. तहानीने बदकाची तंगडी डॉक्टरांच्या ताटात टाकली. मेतवल्ली पाटावरून उठला, बहिणीसमोर येऊन उभा राहिला, आणि इतकी वर्षं घशात अडकलेला तो शब्द बाहेर काढायला लागला.

"ताई, तुझे उपकार..." इथवर आला, आणि पुढचं डोळ्यांतूनच यायला लागलं. अख्ख्या गल्लीसमोर, हमसून हमसून.

इन्शिराहने त्याला परत घेईन म्हणून धमकावलं नाही. तिने त्याला जवळ ओढलं, आपल्या रुमालाच्या टोकाने त्याचे गाल पुसले, आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या त्याच्या ओठांना लावला.

"पी आधी," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज चिरकला. "आणि रडतोस कशाला रे, मेल्या? माझं पाणी वाया जातंय!"